गांवचें वाचनालय कोणासाठीं?

(गांवच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



प्रथम एक विनंति. पुढें सतरंजी रिकामी आहे आणि आमच्या बायका मागें भिंतीशीं उभ्या आहेत. त्यांनीं पुढें येऊन बसावें. आजचें निम्में बोलणें त्यांच्याचविषयीं आहे. त्या बसल्या म्हणजे मी सुरुवात करतों.

चिटणीसांनीं गेल्या सालचा हिशेब वाचलाच. येत्या सालीं वाचनालय काय काय करणार तें मीं सांगावें आणि त्यासाठीं तुमच्यापाशीं मागणें मागावें, अशी मंडळाची आज्ञा आहे. पण त्याआधीं मला स्वतःची एक चूक तुमच्यापुढें कबूल करावयाची आहे. ती कबूल केल्यावांचून वाचनालयाविषयीं बोलण्याचा मला अधिकार नाहीं.

सोळा-सतरा वर्षांपूर्वींची गोष्ट. मी दुसऱ्या एका गांवीं नुकताच नोकरीला लागलों होतों. शाळेंत एक लांकडी कपाट होतें. त्याला कांचेचीं दारें, आणि आंत दोन-सव्वादोनशें पुस्तकें. चार्ज घेतांना मीं यादीवर सही केली, तेव्हां मागच्या मास्तरांनीं बजावलें, "एक जरी पुस्तक हरवलें तरी पगारांतून भरावें लागेल, बरें का." मी घाबरलों. कुलूप लावलें आणि किल्ली खिशांत ठेवली. वर्षांतून एकदां तपासणीच्या वेळीं कपाट उघडावें, धूळ झटकावी, पुस्तकें मोजावीं आणि पुन्हा कुलूप लावावें, एवढाच माझा पुस्तकांशीं संबंध.

सहावींत एक लोहाराची पोर होती. सकाळीं भात्याशीं काम करून शाळेंत येई. हात नेहमीं कोळशानें काळे. एके दिवशीं तिनें कांचेंतून एका पुस्तकाकडे बोट दाखविलें. पुस्तक समुद्रांतल्या प्राण्यांचें होतें. म्हणाली, "गुरुजी, तेवढें द्या ना." मीं म्हटलें, "आधीं हात बघ तुझे! परीक्षा झाल्यावर देईन." परीक्षा झाली. सुटींत तिच्या बापानें दुकान मोडलें आणि बिऱ्हाड घेऊन दूर कारखान्याच्या गांवीं गेला. पोरगी गेली ती गेलीच. पुढें एकदां कपाट सरकवावें लागलें, तेव्हां पाहिलें तों मागच्या फळींतून वाळवी शिरलेली. पुढून पुस्तकांच्या पाठी साजऱ्या दिसत होत्या, आंत माती झाली होती. यादींत मात्र सगळीं पुस्तकें जाग्यावर होतीं!

दहा-बारा वर्षांनीं ती मुलगी मला एसटीच्या स्टँडवर भेटली. कडेवर लेंकरूं होतें. पायां पडली. बोलतां बोलतां म्हणाली, "गुरुजी, त्या पुस्तकांत देवमासा होता का हो?" मला उत्तर देतां आलें नाहीं. कारण तें पुस्तक मींही वाचलें नव्हतें.

बंधूंनो, मी राखणदार झालों होतों, मास्तर नव्हतों. पुस्तक सांभाळण्याच्या नांवाखालीं मीं तें त्या मुलीपासून राखलें आणि वाळवीला दिलें. ही गोष्ट आज सांगण्याचें कारण असें कीं, आपल्या गांवच्या वाचनालयाचें त्या कपाटाहून फारसें निराळें चाललेलें नाहीं.

रागावूं नका. मीं देवघेवीची वही चाळून पाहिली आहे. तींच तींच नांवें पुन्हा पुन्हा येतात. सुतारआळी, कुंभारवाडा, मळ्यांतल्या वस्त्या, यांचीं नांवें हुडकूनही सांपडत नाहींत. बायकांचीं नांवें शोधावयास भिंगच पाहिजे. हें कां होतें? आमच्या लोकांना गोडी नाहीं म्हणून? मुळींच नाहीं. वाचनालय उघडतें सकाळीं दहाला आणि बंद होतें एकला. त्या वेळीं शेतकरी कोठें असतो? वाफ्यांत. सुतार कोठें असतो? रंध्याशीं. बाई कोठें असते? खुरपणीला. दुकानदारानें गिऱ्हाईक रानांत गेलें असतां दुकान उघडावें आणि तें परत आलें कीं फळ्या लावाव्या, मग म्हणावें कीं या गांवांत गिऱ्हाईकच नाहीं, त्यांतला हा प्रकार!

म्हणून मंडळानें पुष्कळ भांडून-तंडून एक नवी व्यवस्था ठरविली आहे. ती येत्या दिवाळीच्या पाडव्यापासून सुरू होईल. ती काय आहे हें एकेक करून सांगतों.

पहिली गोष्ट वेळेची. वाचनालय सकाळीं ७ ते ९ आणि संध्याकाळीं ६ ते ९ उघडें राहील. बुधवारीं बाजार असतो, त्या दिवशीं सकाळीं ९ पासून दिवे लागेपर्यंत बंद होणार नाहीं, म्हणजे वाड्यांवरून आलेल्या माणसाला पुस्तक बदलून नेतां येईल. सुटी शुक्रवारीं. बसून वाचण्यास कोणालाही एक पैसा पडणार नाहीं. अंगावर मळका सदरा आहे, पायाला चिखल आहे, म्हणून कोणीं दारांतून परतूं नये. चिखल झाडतां येतो.

दुसरी गोष्ट मोठ्यानें वाचण्याची. सोमवारीं आणि गुरुवारीं रात्रीं ८ ते ९ येथें ओट्यावर एकजण वाचील आणि बाकीचे ऐकतील. ज्याला अक्षर येत नाहीं त्यानें वाचनालयाचें तोंड पाहूं नये, असा नियम कोणत्या शास्त्रांत लिहिला आहे? जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां त्यांतील भाग गांवोगांवच्या लोकांना वाचून दाखविले, आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनींही तो ऐकला. शेतकऱ्यावरचें पुस्तक पहिल्यानें कानांनींच गांवांत शिरलें. तीच वाट आपण धरूं. सोमवारीं वर्तमानपत्र, बाजारभाव आणि शेतीचें मासिक. गुरुवारीं एखादें चरित्र किंवा कादंबरी, रोज थोडी थोडी. वाचणाऱ्यांत आमच्या शाळेचीं आठवींचीं मुलें असतील. बापानें मुलाच्या तोंडून पुस्तक ऐकावें, यापरती मुलाला दुसरी शाबासकी नाहीं.

या सोमवारच्या वाचनांत एक विषय मी मुद्दाम घालणार आहें. औषधफवारणीच्या डब्यावर एक रंगीत चौकोन असतो. त्यांतला रंग लाल असला तर विष सर्वांत जहाल, पिवळा त्याच्या खालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सर्वांत सौम्य. हें आपल्यांतल्या कितीकांना ठाऊक आहे? डब्याबरोबर घडीचा कागद येतो. त्यावर औषध किती घ्यावें, वारा कसा असावा, विषबाधा झाली तर काय करावें, हें सगळें बारीक अक्षरांत छापलेलें असतें. तो कागद आपण बांधावर फेकतों. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतां करतां विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मेले. त्यांत दोष अनेकांचा होता, सगळा मेलेल्यांच्या माथीं मारणें हा अन्याय होईल. पण डब्यावरचें लिहिलेलें ज्याच्यासाठीं आहे त्यालाच तें कोणी वाचून दाखवीत नाहीं, ही गोष्ट तर आपल्या हातची आहे ना? घरांतला डबा आणूं नका, नुसता कागद घेऊन या. आपण तो मिळून वाचूं.

तिसरी गोष्ट बायकांच्या वेळेची. मंगळवारीं व शनिवारीं दुपारीं २ ते ४ वाचनालय फक्त बायकांसाठीं उघडें राहील. त्या वेळीं पुस्तकें देण्या-घेण्याचें काम बचत गटांतल्या दोघी बहिणी करतील. पुरुष मंडळींनीं तेव्हां ओट्यावरही बसूं नये, अशी माझी हात जोडून विनंति आहे. तुम्ही म्हणाल, दुपारीं बाई रिकामी कोठें असते? खरें आहे. कामाच्या हंगामांत ही वेळ बदलावी लागेल, आणि ती कशी बदलावी हें बायकांनींच ठरवावें. पण आज स्थिति अशी आहे कीं, गटाचें पासबुक एकीच्याच हातीं, वही एकीच्याच हातीं, आणि बाकीच्या नऊजणी सांगतील तेथें अंगठा किंवा सही करतात. ती एकजण प्रामाणिक असली तरी हें बरें नव्हे. म्हणून पहिले चार मंगळवार आपलें पासबुक आपण वाचावयास शिकण्याचें काम होईल. जमा कोणती, नांवें कोणतीं, व्याज कोठें लागलें, शिल्लक किती, एवढें प्रत्येकीला कळलें पाहिजे. त्यानंतर गोष्टींचीं पुस्तकें, गाण्यांचीं, स्वयंपाकाचीं, बाळंतपणाच्या काळजीचीं, जीं हवीं तीं. नुसतें उपयोगाचेंच वाचावें, असा मास्तरी जाच मी करणार नाहीं. माणसाला करमणुकीचाही हक्क आहे, आणि बाई माणूसच आहे.

चौथी गोष्ट पेटीची. वस्त्यांवरून गांवांत यावयाचें म्हणजे दोन-तीन मैलांचें चालणें. तेव्हां वाचनालयच वस्तीवर जाईल. चाळीस पुस्तकांची एकेक पेटी, अशा चार पेट्या. दर पौर्णिमेला पेटी एका वस्तीवरून उचलून दुसऱ्या वस्तीवर नेली जाईल. पौर्णिमा यासाठीं कीं, ती कोणाला कॅलेंडरांत पाहावी लागत नाहीं.

हें कांहीं आमच्या डोक्यांतून निघालेलें नवल नव्हे. आपल्या याच नाशिक जिल्ह्यांत मालेगांवनजीक कौळाणें नांवाचें खेडें आहे. तेथल्या एका शेतकरी घरांतला गोपाळ नांवाचा मुलगा १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. बारा वर्षांचा होईतों त्याला अक्षरओळख नव्हती. तेच पुढें सयाजीराव महाराज झाले. ज्यानें निरक्षरपण स्वतः भोगलें, त्यालाच अक्षराची किंमत कळली. १९०६ सालीं त्यांनीं आपल्या सबंध राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. पण मूल चार बुकें शिकून घरीं बसलें आणि पुढें वाचावयास कांहीं मिळालें नाहीं, तर शिकलेलें पुसून जातें, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचे ग्रंथपाल आणून राज्यभर वाचनालयें उभारण्याचें काम हातीं घेतलें. नियम मोठा शहाणपणाचा होता. एक हिस्सा गांवानें जमवावा, एक हिस्सा प्रांतपंचायतीनें घालावा आणि एक हिस्सा सरकारनें द्यावा. गांवाचा पैसा असला म्हणजे गांवाची मायाही राहते. जेथें वाचनालय नव्हतें तेथें पुस्तकांच्या पेट्या फिरत. ज्यांना वाचतां येत नव्हतें त्यांना पडद्यावर दिव्याचीं चित्रें दाखवून ज्ञान देत. शंभर वर्षांपूर्वीं जें बडोद्याच्या खेड्यांत झालें, तें आज आपल्या खेड्यांत होऊं नये काय?

तिकडे मद्रास इलाख्यांत, तंजावर जिल्ह्यांत मन्नारगुडीच्या आसपास १९३१ सालीं बैलगाडींतून वाचनालय फिरूं लागलें. त्याची सुरुवात रंगनाथन यांच्या हातून झाली. याच रंगनाथन यांनीं त्याच सालीं वाचनालयाचे पांच नियम पुस्तकरूपानें मांडले, आणि त्यांच्याच नांवानें १२ ऑगस्ट हा ग्रंथपालांचा दिवस पाळतात. त्यांच्या पहिल्या नियमाचा अर्थ एवढाच कीं, पुस्तक हें वापरण्यासाठीं आहे. हा नियम मीं तरुणपणीं समजून घेतला असता तर त्या लोहाराच्या मुलीला देवमासा दिसला असता. अगदीं अलीकडचें उदाहरण पाहिजे असेल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें २००९ सालीं पेट्यांतून पुस्तकें लोकांच्या दारीं नेण्याची योजना सुरू केली, आणि एकेका पेटींत शंभर पुस्तकें घातलीं. सातारा जिल्ह्यांतील भिलार हें स्ट्रॉबेरी पिकविणारें खेडें ४ मे २०१७ रोजीं पुस्तकांचें गांव झालें. तेथें पुस्तकें लोकांच्या घरांत व ओसऱ्यांत मांडलेलीं आहेत. तींही शेतकऱ्यांचींच घरें!

आपल्या पेट्या आपल्याच सुतारांनीं करावयाच्या आहेत. बिजागऱ्या आणि कड्या आपल्या लोहारानें. आणि ऐका, ठरलेली मजुरी देऊन. बलुत्याच्या नांवानें फुकट काम करून घेण्याचे दिवस गेले. वाचनालयानें ते परत आणूं नयेत.

पांचवी गोष्ट कागदांची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं दुपारीं ३ वाजतां येथें कागद-वाचन होईल. आपले घरचे कागद घेऊन यावें. एक मास्तर, एक निवृत्त कारकून आणि एक कॉलेजांतला मुलगा, असे तिघे बसूं आणि कागदावर काय लिहिलें आहे तें वाचून समजावून देऊं. सल्ला वकिलाचा, निकाल कचेरीचा. आमचें काम फक्त वाचून दाखविण्याचें.

आतां साताबाराच घ्या. जन्मभर साताबारा, साताबारा म्हणतों, पण सात कशाचें आणि बारा कशाचें? गांव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या हक्काची आहे, तिच्यावर कोणाचें कर्ज, कोणाचा बोजा, त्याची नोंद. गांव नमुना बारा म्हणजे तिच्यांत पीक काय आहे, त्याची नोंद. आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या नांवावर किती जमीन आहे, तो उतारा. नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही. या वहींत नवी नोंद झाली म्हणजे संबंधितांना नोटीस येते, आणि हरकत घ्यावयाची तर ती पंधरा दिवसांच्या आंत घ्यावी लागते. भाऊबंदकींत जमिनी कशा जातात? पुष्कळदां अशाच. नोटीस घरीं येते, म्हातारीच्या हातीं पडते, ती देवळींत ठेवते. कोणी वाचीत नाहीं, पंधरा दिवस सरतात, आणि बहिणीचें नांव, विधवेचें नांव उताऱ्यावरून नाहींसें होतें. मग दहा वर्षें कोर्टाच्या पायऱ्या. तो एक कागद वेळेवर वाचला असता तर?

हा उतारा आतां सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो, आणि सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर स्वतः करावयाची सोय झाली आहे. ती नोंद राहिली तर पुढें पीकविमा आणि नुकसानभरपाई यांच्या वेळीं अडचण येते. वाचनालयांत एक संगणक आहे. तो आजवर कापडाखालीं झांकून ठेवला होता, माझ्या कपाटासारखाच! तो आतां उघडेल. उतारा पाहावयास वाचनालय कांहीं घेणार नाहीं. छापून हवा असेल तर कागदाचे पैसे.

सहावी गोष्ट कारागिरांची. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार, गवंडी, न्हावी, यांच्यासाठीं एक वेगळी फळी केली आहे. विजेचीं हत्यारें कशीं चालवावीं, मोटर कशी दुरुस्त करावी, कापड कसें बेतावें, नक्षी कशी काढावी, हिशेब कसा ठेवावा, असलीं पुस्तकें तींत असतील. कोणतीं पुस्तकें आणावीं याची यादी कारागिरांनीं द्यावी. मास्तरानें निवडलेलीं पुस्तकें मास्तरच वाचतात, असा अनुभव आहे. आणि १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना चालू आहे. ती १८ धंद्यांसाठीं आहे. हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत, पहिलें कर्ज १ लाखापर्यंत आणि तें फेडल्यावर दुसरें २ लाखांपर्यंत, व्याज ५ टक्के. एका कुटुंबांतून एकालाच घेतां येते. कर्ज घ्या असें मी म्हणत नाहीं. कर्ज तें कर्जच. पण घेणाऱ्यानें अटी आधीं वाचाव्या, मग अंगठा उमटवावा. त्या अटी मराठींत छापून येथें भिंतीवर लावल्या जातील.

सातवी गोष्ट मुलांची. रविवारीं सकाळीं ८ ते १० मुलांचें राज्य. बालभारतीचें 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतें. त्याचे जुने अंक फुकट पाहतां येतात, ते आपण संगणकावर काढूं. मराठी विश्वकोशही तसाच विनामूल्य आहे. देवमासा म्हणजे काय, ज्वालामुखी कशानें होतो, कापूस कोठून आला, हें सगळें मराठींत लिहून ठेवलें आहे. शिवाय ज्या मोठ्या मुलांना भरतीच्या व स्पर्धेच्या परीक्षांचा अभ्यास करावयाचा आहे आणि ज्यांच्या दोन खणांच्या घरांत दिवा एकच आहे, त्यांच्यासाठीं आंतली खोली रात्रीं ११ पर्यंत उघडी राहील. मुलींसाठीं वेगळें बांक आणि वेळेवर घरीं पोंचविण्याची व्यवस्था मंडळ करील.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे, मग हें पुस्तकांचें लोढणें कशाला? मोबाईल मीही वापरतों. पण त्यांत आलेल्या निरोपाला बाप नसतो. कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, खरें कीं खोटें, कांहीं पत्ता नाहीं. अमुक पावडर टाका आणि कांदा दुप्पट पिकवा, असा निरोप आला, आणि पावडर टाकून रोप जाळून बसलेले लोक आपल्याच शिवारांत आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या कृषिदर्शनीवर लिहिणाऱ्याचें नांव असतें, साल असतें, चुकलें तर विचारतां येतें. मोबाईल टाकून द्या असें मी म्हणत नाहीं. मोबाईलवर आलेलें वाचनालयांत येऊन ताडून पाहा, एवढेंच म्हणतों.

दुसरा म्हणेल, वाचून पोट भरतें काय? नाहीं भरत. पण न वाचल्यानें भरलेलें पोट रिकामें होतें, हें मीं आतांच कागदांच्या गोष्टींत सांगितलें. आपल्या आजे-पणज्यांना अक्षर शिकूं दिलें नाहीं, तेव्हां दुसऱ्यानें वाचून सांगितलेलें खरें मानावें लागे. कर्ज किती फिटलें हें सावकार सांगे, आणि पुण्य किती लागलें हें भट सांगे. ती सक्तीची गोष्ट होती. आज सक्ती नाहीं. शाळा आहे, अक्षर आहे, दार उघडें आहे, आणि तरी आपण दुसऱ्याच्याच तोंडून ऐकणार असूं, तर दोष कोणाला द्यावा?

आतां हें सगळें कां सांगतों, तें शेवटचें आणि खरें कारण ऐका. वाचनालयाची पुढची खोली बाजाररस्त्यावर आहे. ती दुकानासाठीं गाळा म्हणून भाड्यानें द्यावी आणि पुस्तकें मागच्या अंधाऱ्या खोलींत हलवावीं, असा ठराव गेल्या बैठकींत आला होता. ठराव आणणारे कांहीं दुष्ट नव्हेत. त्यांचें म्हणणें सरळ आहे: तेथें कोणी येतच नाहीं, मग जागा कां अडवावी? विजेचें बिल आहे, ग्रंथपालाचें तुटपुंजें मानधन आहे, अनुदान वेळेवर येत नाहीं. मीं वाद घातला, हात जोडले, आणि ठराव एक वर्षापुरता तहकूब झाला. पुढल्या वार्षिक सभेंत तो पुन्हा येईल. तेव्हां माझें भाषण कामाला येणार नाहीं. तेव्हां देवघेवीची वहीच काय तें बोलेल.

आमच्या राज्यांत ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. त्याच्याही आधीं १९४५ सालीं कोल्हापूर संस्थानानें असा कायदा केला होता. आपल्या कायद्यानें खेड्यांतलीं वाचनालयें लोकांच्या नोंदलेल्या संस्थांनीं चालवावयाचीं आणि सरकारनें अ, ब, क, ड असे वर्ग पाहून अनुदान द्यावयाचें, अशी रीत आहे. याचा अर्थ हें वाचनालय सरकारचें नव्हे, अध्यक्षांचें नव्हे, माझें तर नव्हेच. जो सभासद होईल त्याचें. सभासदाला सभेंत बोलण्याचा हक्क आहे, मत देण्याचा हक्क आहे, मंडळावर निवडून येण्याचा हक्क आहे. या मंडळांत आज एकही कारागीर नाहीं आणि एकही बाई नाहीं. तो दोष मंडळाचा थोडा आणि सभासद न होणाऱ्या तुमचा पुष्कळ.

माझें मागणें चारच गोष्टींचें आहे. एक, दर घरामागें एकानें सभासद व्हावें. वर्गणी महिन्याला १० रुपये, म्हणजे एका चहाइतकी. ज्याला तेवढीही जड जाते त्यानें ग्रंथपालाच्या कानांत सांगावें. त्याची वर्गणी दुसरा कोणी भरील, आणि कोणाची कोणीं भरली हें वहींत लिहिलें जाणार नाहीं. दोन, पेटी ठेवण्यास प्रत्येक वस्तीवर एका घरानें कोरडी, वाळवी नसलेली जागा द्यावी. तीन, मोठ्यानें वाचणाऱ्या मुलांना सोमवारीं व गुरुवारीं तास-दीड तास घरच्या कामांतून मोकळें करावें. चार, आपली सून, आपली लेक मंगळवारीं इकडे निघाली तर "कोठें चाललीस?" असें विचारूं नये. एवढा एक प्रश्न न विचारल्यानें किती पुस्तकें वाचलीं जातील याचा अंदाज पुरुषांना नाहीं.

पुस्तक फाटलें, हळदीचा डाग पडला, पोरानें रेघोट्या ओढल्या, तर पहिल्या वर्षीं कोणाकडूनही भरपाई घ्यावयाची नाहीं, असें मंडळाकडून मीं लिहून घेतलें आहे. या वाचनालयांत मला वापरून मळलेलीं पुस्तकें पाहावयाचीं आहेत. फाटलेलें शिवतां येतें. वाळवीनें खाल्लेलें शिवतां येत नाहीं.

त्या मुलीचा पत्ता मजजवळ नाहीं. पण समुद्रांतल्या प्राण्यांचें तसलेंच एक पुस्तक मीं गेल्या महिन्यांत विकत आणलें आणि या वेळीं आधीं स्वतः वाचलें. त्यांत देवमासा आहे. तें पुस्तक मळ्यांत जाणाऱ्या पहिल्या पेटींत सर्वांत वर ठेवलें आहे. ज्याचे हात काळे असतील त्यानें तें आधीं घ्यावें.

पाडव्याला संध्याकाळीं ६ वाजतां दार उघडेल. उद्घाटनाला कोणी पुढारी बोलाविलेला नाहीं, हारतुरेही नाहींत. जो पहिला येईल त्यानेंच कुलूप काढावें. किल्ली ग्रंथपालाजवळ आहे, माझ्या खिशांत नाहीं.